आईची शंका कुठल्या रकान्यात लिहायची?

गेल्या वर्षी चैत्रात, ऊसतोडीची माणसं गावी परतल्यावर, आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वही लिहून झाली आणि नेहमीप्रमाणे बायका उठायला लागल्या. एक जण मात्र बसून राहिली. मांडीवर चार वर्षांची मुलगी होती. मुलीच्या दोन्ही कानांत नवी यंत्रं होती आणि ती सारखी त्यांना हात लावून बघत होती. बाई म्हणाली, "ताई, ही पाच महिन्यांची होती तेव्हाच मला कळलं होतं. फडावर झोळीत निजली होती. शेजारी ट्रॅक्टर सुरू झाला, बाकीची लेकरं दचकून रडायला लागली. ही हललीसुद्धा नाही. मी तेव्हापासून सांगत होते. पण मी सांगितलेलं कुणी लिहूनच घेतलं नाही."

हे शेवटचं वाक्य माझ्या मनातून जात नाही. त्या मुलीच्या बाबतीत पुढे काय घडलं ते थोडक्यात सांगते. सासू म्हणाली, "रडत नाही, त्रास देत नाही, गुणाची पोर आहे." गावी परत आल्यावर आईनं अंगणवाडीत सांगितलं. सेविकेनं मनापासून ऐकलं आणि म्हणाली, डॉक्टरांची गाडी येईल तेव्हा दाखवू. गाडी आली. मुलीचं वजन बरोबर होतं, लसी पूर्ण होत्या. "बोलेल हळूहळू, काही मुलं उशिरा बोलतात," असं सांगून तिला पुढे सरकवलं. पुढची तपासणी हिवाळ्यात झाली, तेव्हा हे कुटुंब पुन्हा कोयत्यावर गेलेलं होतं. मुलगी अडीच वर्षांची झाली तरी 'आई' म्हणेना, तेव्हा कुठे चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी घेऊन गेली तर खिडकीवर विचारलं, "अपंगत्वाचं सर्टिफिकेट आहे का? आधी ते काढून आणा." ते काढायला ठरावीक वार, त्या वारी कानाचे डॉक्टर रजेवर. कानाची 'बेरा' तपासणी दुसऱ्या शहरात. असं करत करत यंत्र मिळेपर्यंत मुलीला साडेतीन वर्षं पूर्ण झाली होती.

जन्मतः कमी ऐकू येणाऱ्या बाळांबाबत जगभर सांगितला जाणारा हिशेब असा आहे: पहिल्या महिन्याच्या आत चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्याच्या आत पक्कं निदान आणि सहाव्या महिन्याच्या आत उपचार किंवा यंत्र. भाषा शिकण्याचा मेंदूचा सर्वात सुपीक काळ सुरुवातीचा असतो आणि तो परत येत नाही, म्हणून हा हिशेब. या मुलीच्या आईला पाचव्या महिन्यात कळलं होतं. म्हणजे ती बाई वेळेवर होती, यंत्रणा तीन वर्षं उशिरा आली. आणि तरीही आज गावात सगळे तिलाच विचारतात, "इतके दिवस काय करत होतीस?"

मैत्रिणींनो, या अंकात मला ज्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे तो वरवर पाहता डॉक्टरांचा आणि सरकारी परिपत्रकांचा वाटतो. लहान बाळांना लवकर मदत मिळावी यासाठी आपल्याकडे योजना आहे. त्या मदतीला कोणतं बाळ 'पात्र' हे कोण ठरवतं, कशावरून ठरवतं आणि केव्हा ठरवतं? मला हा बायकांचा प्रश्न वाटतो, आणि आपल्या संघटनांनी तो आजवर आपला मानला नाही असंही वाटतं. मी स्वतःही मानला नव्हता.

आधी योजना काय आहे ते पाहू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ला सुरू झाला, तोही आपल्या महाराष्ट्रातून, पालघरमधून. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची, जन्मजात दोष, कमतरतेचे आजार, बालपणीचे रोग आणि विकासातली दिरंगाई व अपंगत्व अशा चार गटांतल्या, सुरुवातीला तीस, स्थिती शोधायच्या आणि मोफत उपचार द्यायचे, असा हा कार्यक्रम. बाळंतपण दवाखान्यात झालं तर तिथेच तपासणी, घरी आल्यावर पहिले सहा आठवडे आशा कार्यकर्तीनं बघायचं. त्यानंतर फिरत्या पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा यायचं. पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता. ज्या बाळाबद्दल शंका येईल त्याला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं. तिथे बालरोगतज्ज्ञ, भौतिकोपचार करणारे, वाचा व श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक हे सगळे एका छपराखाली असावेत अशी रचना आहे. कागदावर ही रचना चांगली आहे. ती कुणी मोडीत काढावी असं मी म्हणणार नाही. माझं भांडण तिच्या दारांशी आहे.

पहिलं दार जोखमीचं. कोणत्या बाळाकडे आपण मुद्दाम लक्ष द्यायचं? इथे एक उदाहरण सांगते, कारण त्यावरून 'रेघ' कशी ओढली जाते ते स्वच्छ दिसतं. फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यात रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात आणि वेळेत उपचार झाला नाही तर कायमचं अंधत्व येऊ शकतं. अमेरिकेत या तपासणीसाठी मुख्यतः दीड किलो किंवा त्याहून कमी वजनाची, किंवा तीस आठवड्यांच्या आत जन्मलेली बाळं धरतात. ती रेघ आपण जशीच्या तशी उचलली असती तर आपली कितीतरी बाळं आंधळी झाली असती, कारण आपल्याकडे त्याहून मोठ्या बाळांनाही हा आजार होतो. म्हणून आपल्या डॉक्टरांनी रेघ वर सरकवली: दोन किलोच्या आतलं किंवा चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेलं प्रत्येक बाळ, आणि तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत. यावरून मी एवढंच शिकले की पात्रतेची रेघ आभाळातून पडत नाही. ती माणसं ओढतात आणि कुणाची बाळं डोळ्यांसमोर ठेवून ओढायची तेही माणसंच ठरवतात. म्हणजे ती सरकवताही येते.

दुसरं दार यादीचं. मान धरते का, आवाजाकडे वळते का, आधाराशिवाय बसते का, बोट करून दाखवते का. या याद्या उपयोगी आहेत. गरोदरपणी मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावरही बाळाच्या विकासाचे असे टप्पे चित्रांसह असतात. आपल्यापैकी किती जणींनी ते पान कधी उघडून पाहिलं आहे? लसीचं पान बघतो आणि कार्ड मिटतो. पण यादी कोण भरतं याला महत्त्व आहे. अनोळखी डॉक्टर, गर्दी, बाळ भुकेलं किंवा झोपलेलं, आणि पुढच्या अंगणवाडीला जायची घाई. त्या पाच मिनिटांत बाळ जे करून दाखवेल ते खरं आणि आईनं रात्रंदिवस पाहिलेलं ती 'काळजी करणारी आई' म्हणून बाजूला. बाळाला चोवीस तास पाहणारी व्यक्ती एकच असते. तिच्या निरीक्षणासाठी फॉर्मवर जागा असली तरी ती 'हो' किंवा 'नाही' एवढीच.

हे असंच असावं लागतं असं नाही. तुर्कस्तानातल्या डॉक्टर इल्गी एर्तेम यांनी तयार केलेली एक पद्धत आहे, तिच्यात बाळाची परीक्षा घ्यायची नसते. आईला किंवा बाळ सांभाळणाऱ्या व्यक्तीला मोकळे प्रश्न विचारायचे असतात. बाळ काय सांगू पाहतं, कसं सांगतं, काय समजतं, हात कसे वापरतं, कुणाशी कसं वागतं, असं. आणि सर्वात आधी विचारायचं, तुम्हाला बाळाबद्दल काही काळजी वाटते का? ही पद्धत अर्जेंटिना, भारत, दक्षिण आफ्रिका आणि तुर्कस्तान अशा चार देशांत अभ्यासली गेली. भारतातलं काम मुंबईत झालं. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. निरोगी मुलगे आणि मुली तीन वर्षांपर्यंतचे बहुतेक टप्पे जवळपास सारख्याच वयात गाठतात, आणि देशादेशांतही फार फरक पडत नाही. म्हणजे "मुलगे उशिराच बोलतात" हे जे आपण पिढ्यान् पिढ्या एकमेकींना सांगत आलो, त्याच्या आधारावर एखाद्या बाळाला वर्षभर थांबवून ठेवायला काही अर्थ नाही.

मुलींबाबत तर उलटाच धोका आहे. न रडणारी, न बोलणारी, एका कोपऱ्यात एकटी खेळणारी मुलगी आपल्या घरांत 'शहाणी' ठरते. मुलगा दोन वर्षांचा होऊन बोलला नाही तर कुळाचं काय होणार म्हणून निदान धावाधाव तरी होते. मुलीचं गप्प असणं हा गुण मानणाऱ्या समाजात मुलीचं बहिरेपण ओळखायला उशीर होणारच. आपण मुलींच्या गप्प बसण्याविरुद्ध इतकी वर्षं लिहीत आलो, पण ते गप्प बसणं पाळण्यापासून सुरू होतं हे मला त्या चार वर्षांच्या पोरीकडे बघताना पहिल्यांदा उमगलं.

तिसरं दार प्रमाणपत्राचं, आणि माझा सर्वात जास्त राग या दारावर आहे. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं ती एकवीस केली. हे मोठं पाऊल होतं आणि त्यासाठी अपंगांच्या चळवळीनं लांब लढा दिला आहे. पण बहुतेक सवलतींसाठी आजही चाळीस टक्के हा उंबरठा आहे. मोठ्या माणसाच्या नोकरीसाठी, आरक्षणासाठी टक्केवारी लागते हे एक वेळ समजू शकतं. बाळाचं काय? २०१८च्या जानेवारीत केंद्र सरकारनं काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतच हे मान्य केलेलं होतं की लहान वयात टक्केवारी ठरवता येत नाही. बौद्धिक अक्षमतेसाठी वर्ष पूर्ण झाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही आणि पाच वर्षांपर्यंत निदान 'विकासात सर्वांगीण दिरंगाई' असंच लिहायचं. शिकण्यातल्या विशिष्ट अक्षमतेसाठी तर आठ वर्षं पूर्ण व्हायला हवीत, असं त्यांत होतं. तज्ज्ञ म्हणतात टक्का ठरवायला थांबा, आणि खिडकी म्हणते टक्का आणल्याशिवाय उपचार नाही. या दोघांच्या मध्ये बाळाची पहिली तीन वर्षं निघून जातात.

मुळात हे दोन वेगळे प्रश्न आहेत. प्रमाणपत्र विचारतं, किती नुकसान झालं आहे? शीघ्र हस्तक्षेप विचारतो, किती नुकसान टाळता येईल? पहिल्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत दुसऱ्याला थांबवायचं म्हणजे घर जळून किती राख झाली ते मोजल्यावर पाण्याचा बंब पाठवायचा. जन्मतः पाय आत वळलेल्या बाळाचं उदाहरण घ्या. पहिल्या काही आठवड्यांत दर आठवड्याला प्लास्टर बदलत गेलं, गरज पडल्यास टाचेची शीर सैल करायची छोटी शस्त्रक्रिया केली आणि पुढे काही वर्षं रात्री बूट-पट्टी घातली, तर बहुतेक मुलं नीट चालतात. हे बाळ चाळीस टक्क्यांच्या रांगेत कधी उभं राहणारच नाही, आणि तेच तर आपल्याला हवं आहे.

म्हणून ही गोष्ट प्रत्येक कार्यकर्तीनं पाठ करून ठेवावी: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या तपासणीसाठी आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातल्या उपचारासाठी अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची अट नाही. त्या यादीतल्या स्थितींपैकी एखादी असण्याची शंका एवढंच पुरे. कुणी प्रमाणपत्र मागितलं तर तो नियम कुठे लिहिला आहे ते लेखी द्यायला सांगा. आम्ही त्या बाईच्या वेळी हे विचारलं नाही, कारण आम्हालाच माहीत नव्हतं. ती चूक आमची.

आता हा बायकांचा प्रश्न का, याकडे येते.

बाळात काही वेगळं दिसलं की पहिला आरोप आईवर होतो. ग्रहणात भाजी चिरली असशील. गरोदरपणी काही पाहिलं असशील. तुझ्या माहेरी कुणी असं होतं का? ज्या शंकेनं आपल्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जाणार ती शंका बोलून दाखवायला किती धैर्य लागत असेल याचा विचार करा. त्या बाईनं ते दाखवलं, एकदा नाही, चार वेळा. आणि चारही वेळा तिचं बोलणं 'आईची भीती' म्हणून मोडीत निघालं. बलात्काराच्या खटल्यात बाईच्या साक्षीला किंमत मिळावी म्हणून आपण १९८०पासून रस्त्यावर आलो. घरातल्या मारहाणीबद्दल तिचा शब्द मानावा म्हणून भांडलो. मग आपल्या बाळाबद्दलची तिची साक्ष आपण का सोडून दिली?

दुसरी गोष्ट, बाळ पात्र ठरल्यानंतरची. 'हस्तक्षेप' या भारदस्त शब्दाचा रोजचा अर्थ काय असतो? आठवड्यातून एकदा किंवा दोनदा जिल्ह्याच्या गावी जायचं. पहाटेची एसटी, दिवसाची मजुरी बुडाली, धाकटं पोर शेजारणीकडे. अर्ध्या तासाचा व्यायाम आणि मग सूचना: "घरी रोज दिवसातून चार वेळा करून घ्या, आई." आई! बाप खोलीत बसलेला असला तरी सूचना आईला. उपचाराचा जो भाग महाग असतो तो बाईच्या फुकट श्रमांवर टाकून योजना स्वस्त होते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई महिन्यातून चार दिवस केंद्रात गेली तर कोयता मोडतो आणि खाडा धरला जातो. अशा बाईनं येणं थांबवलं की नोंदवहीत शेरा पडतो, 'पालक सहकार्य करत नाहीत.'

तिसरी गोष्ट, सेविकेची. हे सगळं ओळखायचं काम आपण ज्यांच्यावर टाकतो त्या अंगणवाडी सेविका आणि आशा या बायकाच आहेत. २८ नोव्हेंबर २०२३ला केंद्र सरकारनं दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. लवकर लक्षणं ओळखा, सामावून घ्या, योग्य ठिकाणी पाठवा असं त्यात आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्यानंतर आठवड्याभरातच, ४ डिसेंबरपासून, महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटी, पेन्शन आणि मानधनासाठी संपावर गेल्या आणि सुमारे पन्नास दिवस संपावर राहिल्या. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२मध्येच त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं होतं. ज्या बाईला सरकार कर्मचारी मानत नाही, 'मानधन' देऊन स्वयंसेविका म्हणतं, तिच्याकडून बाळाच्या विकासातली दिरंगाई ओळखण्याची अपेक्षा मात्र तज्ज्ञाची. तिनं शंका नोंदवली तर पुढे तिच्या शब्दालाही किंमत नाही. आईचं आणि सेविकेचं दुखणं एकच आहे.

माझ्या या म्हणण्यावर आमच्याच शिबिरात तीन आक्षेप आले. ते खरे आहेत म्हणून मांडते.

पहिला: एवढ्या लहानपणी शिक्का कशाला मारायचा? विशेषतः मुलीवर. उद्या लग्नाच्या वेळी, शाळेत, गावात तोच शिक्का पुढे येईल. ही भीती मला मान्य आहे. म्हणूनच मी म्हणते, सेवा आधी आणि नाव नंतर. शंका असलेल्या बाळाला मदत सुरू करायला कुठल्याही रोगाचं नाव लागत नाही. नाव लागतं ते कागदाला.

दुसरा: शंकेवरच दार उघडलं तर रांग किती वाढेल? आधीच केंद्रात जागा रिकाम्या, तज्ज्ञ मिळत नाहीत. खरोखर गंभीर बाळं मागे पडतील. यावर माझं उत्तर असं की रांग आज नाही असं नाही, ती फक्त दिसत नाही. पाच ठिकाणी, त्यांत आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता, केलेला एक अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन ते सहा वर्षांच्या मुलांपैकी ९.२ टक्के आणि सहा ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी १३.६ टक्के मुलांमध्ये मेंदूच्या वाढीशी संबंधित काही ना काही अडचण आढळली. २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत अपंग म्हणून नोंद होती ती १.२४ टक्के. दोन्हींच्या व्याख्या वेगळ्या आहेत, थेट वजाबाकी करता येणार नाही. तरी केवढी मुलं आपल्या हिशेबाच्या बाहेर राहतात याचा अंदाज येतो. शिवाय प्रत्येक बाळाला सगळे तज्ज्ञ लागत नाहीत. पुष्कळ जणांना गावातच, अंगणवाडीत, शिकवलेल्या खेळांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघण्यानं भागतं. कुणाला जिल्ह्याला न्यायचं ते त्यातून कळेल.

तिसरा आक्षेप मला सर्वात अवघड गेला: शंका खोटी निघाली तर? विनाकारण आईच्या जिवाला घोर, सासरी बोलणी. हे होतं, मी पाहिलं आहे. पण दोन चुकांची किंमत सारखी नसते. खोट्या शंकेचा घोर काही आठवड्यांचा असतो. चुकलेल्या निदानाची शिक्षा जन्मभराची. आणि सांगण्याची पद्धत बदलता येते. "तुमचं बाळ मागे आहे" असं न म्हणता "याचे कान एकदा तपासून घेऊ" असंही म्हणता येतं.

एक बोच मनात आहे तीही सांगून टाकते. महाराष्ट्रात स्त्री संघटनांच्या लढ्यामुळे गर्भलिंगपरीक्षेविरुद्धचा देशातला पहिला कायदा १९८८मध्ये झाला. त्या लढ्यात आपण म्हणत होतो, चाचणी व्यंग शोधण्यासाठी वापरा, लिंग शोधण्यासाठी नको. अपंग स्त्रियांनी पुढे आपल्याला विचारलं, म्हणजे आम्ही नको असलो तर चालेल का? या प्रश्नाचं नीट उत्तर आपण दिलेलं नाही. गर्भपाताचा निर्णय बाईचाच, यावर माझी तसूभरही शंका नाही. पण निर्णय खरा स्वतंत्र केव्हा असतो? तिला माहीत असतं की असं बाळ जन्मलं तर ते तिच्या एकटीच्या गळ्यात पडणार नाही, तेव्हा. २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयानं गर्भपाताला आठवड्यांची मर्यादा राहिली नाही. जन्माआधी कायदा इतका नेमका आहे. जन्मानंतर? शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षापासून. दिव्यांग हक्क कायद्यातलं मोफत शिक्षणाचं कलमही सहाव्या वर्षापासून आणि चाळीस टक्क्यांपासून. त्याआधीच्या सहा वर्षांसाठी घटनेच्या कलम ४५ मध्ये शब्द आहे तो 'प्रयत्न करील' असा. जेव्हा मदतीचा सर्वात जास्त उपयोग होतो त्या वयात हक्क नाही, प्रयत्न आहे. २०१६च्या कायद्याच्या कलम २५मध्ये सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा जोखीम ओळखण्यासाठी तपासणी करायची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. पण तपासणीनंतर किती दिवसांत उपचार सुरू झाले पाहिजेत याची मुदत त्यात नाही.

मग आपण मागायचं काय? एक, आईची किंवा सेविकेची शंका हा पात्रतेचा स्वतंत्र आणि पुरेसा निकष मानावा. नोंदवहीत त्यासाठी रकाना असावा, तारखेसह, आणि त्याची पोच आईला मिळावी. दोन, त्या तारखेपासून ठरलेल्या दिवसांत तपासणी आणि उपचार सुरू व्हावेत. तीन, ऊसतोड, वीटभट्टी अशा स्थलांतरित कुटुंबांसाठी पथकाचं वेळापत्रक त्यांच्या हंगामाप्रमाणे बदलावं आणि साखर कारखान्यांच्या परिसरातल्या तळांवर तपासणी व्हावी. चार, बाळाला घेऊन येणाऱ्या व्यक्तीला प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मिळावी, आणि घरचे व्यायाम शिकताना बापालाही बोलावलं जावं. पाच, हे काम करणाऱ्या सेविकांना आणि आशांना प्रशिक्षण आणि पूर्ण वेतन मिळावं. शेवटची मागणी वेगळी नाही. तिच्यावाचून बाकीच्या चार कागदावरच राहतील.

आणि सरकार ऐकेपर्यंत? आमच्या गटानं एक साधी गोष्ट सुरू केली आहे. बचतीच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक रकाना आखला आहे. कुणाला आपल्या किंवा नातवंडाच्या बाबतीत काही वाटलं तर ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहितो. 'हाक मारली तर बघत नाही.' 'एकच हात वापरते.' 'बसवलं की एका बाजूला कलते.' मग दोघी जणी सोबत जातो आणि ते पान डॉक्टरांपुढे ठेवतो. पहिल्यांदा डॉक्टर हसले. दुसऱ्यांदा त्यांनी वाचलं. गेल्या पावसाळ्यात अकरा महिन्यांच्या एका मुलीला पानावरच्या एका ओळीवरून कानाच्या तपासणीला पाठवलं गेलं. तिचे कान चांगले निघाले. तिची आई घरी येताना एसटीत झोपून गेली, म्हणाली कित्येक रात्रींनंतर झोप लागली. आम्ही त्या ओळीपुढे तारीख घालून 'तपासलं' असं लिहिलं.

चार वर्षांची ती मुलगी आता अंगणवाडीत जाते. तिला दहा-बारा शब्द येतात. तिची आई यंदा कोयत्यावर गेली नाही, नवरा दुसऱ्या जोडीबरोबर गेला, घरात पैशाची ओढाताण आहे. परवा ती म्हणाली, "ताई, गेलेली तीन वर्षं काही परत मिळायची नाहीत. पण माझ्या नावापुढं लिहा, मी पाचव्या महिन्यात सांगितलं होतं." आम्ही वहीत मागचं पान उघडलं आणि तिच्या सांगण्यावरून तो महिना, ते वर्ष टाकून तसं लिहिलं.